सर्फिंगचा पहिला धडा: मुल्कीला जाण्याआधी आणि गेल्यावर

कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकायचं ठरलं की दोन प्रश्न हमखास येतात: पोहता यायलाच हवं का, आणि वजन जास्त असेल तर बोर्ड आपल्याला पेलेल का? दोन्हींची उत्तरं पुढे आहेत. पण तुमचे पैसे वसूल होणार की नाही हे ज्या प्रश्नावर ठरतं, तो सहसा कुणी विचारत नाही. एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतात? बोर्ड सगळीकडे सारखेच मिळतात. पहिल्या धड्यात आपण खरे पैसे मोजतो ते आपल्यावर असलेल्या प्रशिक्षकाच्या नजरेचे.

गोव्यातही धडे मिळतात, वर्कलाला मिळतात, चेन्नईजवळच्या कोवलमला मिळतात. मी मुल्कीचं उदाहरण घेतलंय, कारण महाराष्ट्रातून एका रात्रीच्या गाडीने तिथे पोचता येतं, किनारा वाळूचा आहे आणि भारतातलं सर्फिंग ज्या थोड्या ठिकाणी रुजलं त्यातलं हे एक. शेजारच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा झाली होती. पद्धत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच आहे, त्यामुळे दुसरीकडे जात असाल तरी वाचायला हरकत नाही.

१. आधी महिना, मग तिकीट

पश्चिम किनाऱ्यावर जून, जुलै, ऑगस्ट हे महिने नवख्यांचे नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि त्या दिवसांत समुद्र काय करतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात, पण ते मुरलेले लोक. नवख्याने त्यापुढेही महिनाभर थांबावं.

सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पावसाळ्याची उरलीसुरली लाट असते, पाणी थोडं गढूळ. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ आणि लाट लहान, कधी कधी इतकी लहान की बोर्ड नुसता तरंगत राहतो. मार्चनंतर लाट वाढते आणि ऊनही. माझी पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबरला, पण दिवाळीचा आठवडा सोडून. त्या आठवड्यात प्रत्येक गटात दोन माणसं जास्त कोंबलेली असतात.

मुल्की मंगळूर आणि उडुपीच्या मध्ये आहे, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, मंगळूरपासून तिसेक किलोमीटर. मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते आणि सकाळी त्या भागात पोचते. मुल्की किंवा सुरतकल, जिथे गाडीचा थांबा सोयीचा असेल तिथलं तिकीट काढा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि या गाडीला गर्दी असते. ज्या सकाळी उतराल त्याच सकाळी धडा ठेवू नका. रात्रभर गाडीत आखडलेलं अंग घेऊन बोर्डवर पालथं पडण्यात काही मजा नाही.

२. पैसे भरण्याआधी फोन करा

मेसेज नको, फोनच. उत्तर किती चटकन आणि किती सरळ येतं त्यावरून बरंच कळतं. हे विचारा:

– पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण? चार किंवा कमी असतील तर उत्तम. सहा म्हणाले तर दुसरीकडे विचारा. इथे एक फसवी गोष्ट असते: ‘गट आठ जणांचा, प्रशिक्षक दोन’ असं सांगतात आणि दुसरा ‘प्रशिक्षक’ प्रत्यक्षात किनाऱ्यावर फोटो काढत असतो. म्हणून ‘पाण्यात’ हा शब्द जोर देऊन विचारायचा.

– प्रशिक्षकाकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं किंवा जीवरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? आहे तो लपवत नाही.

– बोर्ड मऊ फोमचे आहेत ना? पहिल्या धड्यात कडक फायबरचा बोर्ड कुणी देत असेल तर नको म्हणा, तो डोक्यात बसला तर टाके पडतात.

– दीड-दोन तासांपैकी पाण्यात किती वेळ? साधारण अर्धा तास वाळूवर आणि तासभर पाण्यात, हे प्रमाण चांगलं.

– लाट खूप मोठी किंवा अगदीच सपाट असली तर काय? दिवस बदलून देतात की पैसे परत? याचं उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

गटधड्याला माणशी साधारण दीड ते तीन हजार रुपये पडतात. बोर्ड आणि रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा) त्यात धरलेले असायला हवेत. एकट्याचा धडा महाग असतो आणि पहिल्यांदा त्याची गरज नसते. उलट गटात असलात की दुसऱ्याची पाळी असताना दम घेता येतो, आणि त्याचं कुठे चुकलं ते बघून निम्मं शिक्षण होतं. लहान गट मी सुचवतो तो याच कारणाने, नुसता स्वस्त म्हणून नाही.

एकच धडा घेऊ नका. सलग दोन सकाळी घ्या. पहिल्या दिवशी डोक्यात सगळा गोंधळ असतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, पण पाय आपोआप जागेवर पडतात.

३. घरून काय तयारी करायची

पोहण्याचं उत्तर आता. धडा कमरेएवढ्या पाण्यात होतो, म्हणून बऱ्याच सर्फिंग शाळा ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ म्हणतात. माझं मत वेगळं आहे. चार लेन मारता आल्या नाहीत तरी चालेल, पण डोकं पाण्याखाली गेल्यावर घाबरायला होऊ नये आणि पाठीवर तरंगता यावं. एवढंही येत नसेल तर जवळच्या पोहण्याच्या तलावावर आठ-पंधरा दिवस जा, मग मुल्कीचं तिकीट काढा.

वजनाचं उत्तर सोपं आहे: मोठा बोर्ड मागायचा. नवख्यांचे बोर्ड आठ ते नऊ फुटांचे असतात, धिप्पाड माणसाने नऊ फुटीच घ्यावा. बुकिंग करतानाच उंची आणि वजन खरं सांगा. इथे पाच किलो कमी सांगून फायदा कुणाचाच नाही.

सतरंजीवर रोज दहा मिनिटं एक सराव करा. पालथं झोपा, तळहात बरगड्यांच्या बाजूला टेका, छाती उचला आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन वाकलेल्या स्थितीत उभे राहा. गुडघा टेकवायचा नाही. गुडघ्यावरून उठायची सवय एकदा लागली की समुद्रात ती सुटत नाही.

तुमचा पुढचा पाय कोणता हेही घरीच कळतं. ताठ उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी, न सांगता, मागून हलका धक्का द्यायला सांगा. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो बहुतेक वेळा बोर्डवरही पुढचा.

खांदा निखळण्याचा त्रास, फिट्स, दमा, हृदयविकार, कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, गरोदरपण: यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि प्रशिक्षकालाही सांगा. दम्याचा पंप किनाऱ्यावर कुणाच्या हातात आहे हे पाण्यात उतरण्याआधी ठरलेलं हवं.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं: आधार किंवा दुसरं ओळखपत्र, बुकिंगचा मेसेज, घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून. अठराच्या आतली मुलं असतील तर संमतीपत्रावर पालकाची सही लागते. मामा-काका घेऊन जाणार असतील तर पालकांकडून आधीच लिहून आणा.

कपडे: अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड. शाळा देते, पण मापाचा मिळेलच असं नाही. खाली लेगिंग किंवा पोहण्याची चड्डी, खिसे आणि चेन नसलेली. सुती टी-शर्ट चालत नाही. तो भिजला की जड होतो, वर गोळा होतो आणि फोमवर घासून पोटाची सालटं निघतात. पोहण्याच्या कपड्यांचा संकोच वाटत असेल तर निश्चिंत राहा, पाण्यात सगळेच नखशिखांत झाकलेले असतात.

सनस्क्रीन पाण्यात टिकणारं, शक्यतो झिंकचं पांढरं. नाक, कान आणि पायाच्या पोटऱ्यांची मागची बाजू विसरू नका, कारण बोर्डवर आपण पालथे असतो.

घरी ठेवायच्या वस्तू: अंगठी, मंगळसूत्र, बांगड्या, हातातले दोरे, पैंजण. दोरा लीशमध्ये, म्हणजे पायाला बांधायच्या बोर्डच्या दोरीत, अडकतो आणि दागिना वाळूत गेला की गेला. चष्मा लागत असेल तर मागे पट्टा बांधा. लेन्स लाटेत निघून जातात. नखं कापलेली असू द्या.

५. सकाळी किनाऱ्यावर

पहाटेचा किंवा सकाळचा धडा घ्या. शाळेच्या भूगोलातला मतलई वारा इथे उपयोगी पडतो: सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पाणी नितळ राहतं आणि लाट नीट उभी राहते. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की पाणी चुरगळल्यासारखं होतं आणि नवख्याला लाट कुठून येतेय तेच कळत नाही.

तासभर आधी केळं, दोन इडल्या, एवढंच. नीर डोसा आणि बांगड्याची आमटी धडा झाल्यावर. भरल्या पोटावर बोर्डवर पालथं पडलात की पोट लगेच तक्रार करतं.

आदल्या रात्री विंडीसारख्या अ‍ॅपवर लाटेची उंची बघा. अर्धा ते एक मीटर असेल तर शिकायला छान. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल आणि शाळा ‘काही होत नाही, या’ म्हणाली, तर जाऊ नका. भरतीचा हिशेब मुंबईचा लावू नका. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, मंगळूरकडे ती जेमतेम दीड मीटरची. तरीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस नवख्याला बरे, पाणी शांतपणे चढतं-उतरतं.

मुल्कीबद्दल एक खास सूचना. इथे शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. मुखाजवळची जागा दिसायला सुरेख आणि जाणत्या सर्फरांच्या आवडीची आहे, पण ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं आणि वाळूचा दांडा दर मोसमाला जागा बदलतो. नवख्यांचा धडा मुखापासून लांब, सरळ वाळूच्या किनाऱ्यावरच असायला हवा. संध्याकाळी ‘जरा पाय भिजवून येऊ’ म्हणून एकट्याने मुखाकडे जाऊ नका.

संमतीपत्र वाचून सही करा. विमा आहे की नाही ते त्यातच कळतं.

६. वाळूवरचा धडा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यांना कधी एकदा पाण्यात जातो असं झालेलं असतं. घाई करू नका.

प्रशिक्षक बहुतेक आसपासच्या मच्छीमार घरांतली तरुण मुलं असतात. आपसात तुळू, तुमच्याशी हिंदी किंवा इंग्रजी. कोकणी येत असेल तर बऱ्याच जणांशी तीही जमते. ते वाळूत बोटाने बोर्डचा आकार काढतात आणि त्यावर तुम्हाला झोपवतात. इथे तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली, झोपायची जागा. फार पुढे झोपलात तर बोर्डचं टोक पाण्यात घुसतं आणि तुम्ही कोलांटी खाता. फार मागे झोपलात तर बोर्ड नांगरासारखा पाणी ओढतो आणि लाट खालून निघून जाते. टोक पाण्याच्या जरासंच वर राहील ती जागा तुमची. तिथे तुमच्या पायाची बोटं बोर्डच्या कुठे येतात ते लक्षात ठेवा, दर वेळी तीच खूण.

दुसरी, हात. तळहात बरगड्यांशी, बोर्डवर सपाट. कडा पकडायच्या नाहीत. कडा पकडून उठलात की बोर्ड हमखास एका बाजूला कलंडतो.

तिसरी, नजर. दिवसभर ऐकू येणारी आरोळी म्हणजे ‘ऊपर देखो!’ पायांकडे बघितलं की डोकं खाली जातं, डोक्यामागे खांदे, आणि मग सगळा माणूस. समोरचं एखादं माडाचं झाड धरा आणि त्याच्याकडे बघत उठा.

लीश मागच्या पायाच्या घोट्याला. वेल्क्रो घट्ट, दोरी बाहेरच्या बाजूला. ती पाण्याजवळ गेल्यावरच बांधा, नाहीतर वाळूवर चालताना स्वतःच्याच दोरीत अडकून पडणारे दर गटात एक-दोघे असतात.

७. पाण्यात

पाय घासत चाला, उचलून टाकू नका. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेली असेल तर ती आधीच सरकते.

बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला, टोक लाटेकडे. तुम्ही आणि लाट यांच्या मध्ये तो आडवा कधीच नको. लाट आडव्या बोर्डला उचलते आणि तुमच्या छातीवर किंवा दातांवर आणून आदळते. पहिल्या धड्यात मुका मार लागतो तो बहुतेक असाच, उभं राहताना नाही.

कमरेएवढ्या पाण्यात गेलात की प्रशिक्षक बोर्ड वळवून धरतो, तुम्ही चढून झोपता. आपल्याला हवी ती फुटून आलेली, पांढऱ्या फेसाची लाट. न फुटलेली हिरवी लाट पुढच्या धड्यांसाठी. तो मागे बघत थांबतो, एक-दोन लाटा सोडून देतो, मग ‘पॅडल!’ (हात मार) म्हणतो आणि ढकलतो. बोर्डला मागून जोर लागतो आणि तो अचानक हलका होतो. तो हलकेपणा जाणवला की एक श्वास थांबा आणि मग उठा. नवखे जवळजवळ सगळे लवकर उठतात, लाटेने बोर्ड पकडण्याआधी, आणि जागच्या जागी बुडतात.

पहिल्या चार-पाच लाटा उभं न राहता नुसत्या झोपून घ्या, प्रशिक्षक आग्रह करत असला तरी. बोर्ड किती वेगाने जातो आणि शरीर डावी-उजवीकडे झुकवलं की कसा वळतो हे एकदा अंगाला कळलं की उठणं निम्मं सोपं होतं. ज्यांना घाई असते ते थकून जातात आणि शेवटची वीस मिनिटं किनाऱ्यावर बसून काढतात.

उभं राहिल्यावर गुडघे वाकलेले, पाय बोर्डच्या मधल्या रेषेवर आडवे, हात सैल. कमरेतून वाकू नका. गुडघाभर पाणी आलं की स्वतःहून खाली उतरा. थेट वाळूपर्यंत जायचा मोह होतो, पण बोर्डखालचे फिन्स, म्हणजे छोटे पंख, वाळूत रुततात आणि तुम्ही पुढे फेकले जाता.

८. पडायचं कसं

पडणार आहातच, तर नीट पडा. बाजूला किंवा मागे, अंग पसरून सपाट. डोक्यावर सूर नाही आणि ताठ पायांवर उडीही नाही. पाणी वाटतं त्याहून उथळ असतं, घोटा मुरगळतो. पाण्याखालून वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण बोर्ड लीशच्या ताणाने परत येत असतो. वर आलात की आधी मागून येणारी लाट बघा, मग बोर्ड शोधा.

परतीच्या प्रवाहाची ओळख किनाऱ्यावर असतानाच करून घ्या. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गडद, शांत दिसतोय, फेस समुद्राकडे वाहतोय, तर ओढ तिथे आहे. नवखे नेमके तिथेच उतरायला बघतात, कारण तिथे लाट दिसत नाही. चुकून सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तुम्हाला तरंगत ठेवतो. त्यावर झोपा, एक हात वर करा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर हात मारा. ओढीच्या विरुद्ध लढू नका.

९. गटातली शिस्त

एका लाटेवर एकच जण. कुणी येत असेल तर त्याच्या वाटेतून बाजूला व्हा, परत जाताना फेरा मारून जा. कुणाच्या पाठीमागे सरळ रेषेत उभे राहू नका, त्याचा सुटलेला बोर्ड तुमच्याकडेच येणार.

तुम्ही नात्यातले किंवा मित्र मिळून गेला असाल तर एक अडचण येते: सगळे एकमेकांना शिकवायला लागतात. ‘अरे, पाय पुढे घे ना!’ हे काम पैसे घेऊन करणारा माणूस तिथे उभा आहे, त्याला करू द्या. प्रशिक्षक तुमच्याकडे बघतच नसेल तर गप्प बसू नका. ‘भाई, माझ्या पुढच्या दोन लाटा बघ आणि एकच गोष्ट सांग’ असं सांगा. एका वेळी एकच दुरुस्ती मागायची, तीन सांगितल्या तर एकही जमत नाही.

जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. बाहेर या, प्रशिक्षकाला दाखवा. धाप लागली, चक्कर आली किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना.

१०. धडा संपल्यावर

गोड्या पाण्याने अंघोळ करा. कानात पाणी राहिलं असेल तर डोकं तिरकं करून उड्या मारा, काडी घालू नका. बरगड्या आणि गुडघ्यांवर घासल्याचे लाल पट्टे असतील, तिथे खोबरेल तेल लावा आणि दुसऱ्या दिवशी रॅश गार्ड चड्डीत खोचून घाला. भरपूर पाणी किंवा शहाळं प्या. समुद्रात घाम येतो, पण तो कळत नाही.

बोर्ड भाड्याने घेऊन एकट्याने उतरायची हुरहूर दुसऱ्या धड्यानंतर लागते. फेसाच्या लाटेवर न ढकलता स्वतः हात मारून उठता येऊ लागलं, आणि किनाऱ्यावरून ओढीचा पट्टा ओळखता येऊ लागला, तर हरकत नाही, तेही प्रशिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात. यातलं एक जरी जमत नसेल तर त्याच पैशात आणखी एक धडा घ्या.

परतीच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला असेल तर कुणाला तरी विनंती करून बदलून घ्या. त्या रात्री खांदे कानापर्यंतही वर जात नाहीत.